आपत्तीचे शास्त्र शिकायचे, पण खुर्ची कुठे आहे?

पदवी परीक्षेचे निकाल लागले की पुढे काय करावे, हा प्रश्न घेऊन विद्यार्थी प्राध्यापकांकडे येतात. त्यात नवल काही नाही. परंतु गेल्या वर्षी अर्थशास्त्राची पदवी चांगल्या श्रेणीत मिळविलेला एक विद्यार्थी आपल्या वडिलांना बरोबर घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आला, तेव्हा त्याने विचारलेला प्रश्न नेहमीचा नव्हता. त्याला आपत्ती व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे होते. वडील पंचायत समितीच्या कचेरीत कारकून. अतिवृष्टी, गारपीट आणि अवर्षण यांच्या पंचनाम्यांचे गोषवारे तयार करण्यात त्यांची निम्मी नोकरी गेलेली. ते शांतपणे म्हणाले, “सर, संकट आले की सगळेच धावतात. त्यासाठी दोन वर्षे वर्गात कशाला बसायचे? आणि बसलाच, तर पुढे याची खुर्ची कुठे आहे?”

वरवर पाहता हे प्रश्न एका काळजीत पडलेल्या बापाचे आहेत. वस्तुतः ते या विषयाच्या मुळाशी जाणारे आहेत. आपत्तीला तोंड देणे हा शिकण्याचा आणि शिकविण्याचा विषय आहे काय, हा पहिला प्रश्न. असल्यास, तो शिकलेल्या माणसाला समाजाने जागा कोठे ठेवली आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपल्याला खाली मान घालून द्यावे लागते.

नाव नवे, विषय जुना

पाश्चात्य विद्यापीठांत या अभ्यासशाखेला ज्या नावाने ओळखतात, त्याचा शब्दशः मराठी अनुवाद ‘आणीबाणीचे व्यवस्थापन’ असा होईल. आपल्याकडे आणीबाणी म्हटले की १९७५ साल डोळ्यांपुढे उभे राहते. त्यामुळे ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा शब्द रूढ झाला, हे बरेच झाले. आणीबाणी ही काही तासांची असते. आपत्तीला मागचे आणि पुढचे असे दोन्ही काळ असतात.

या शाखेचा आरंभ बहुधा कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरातील स्फोटापासून धरला जातो. ६ डिसेंबर १९१७ रोजी दारूगोळ्याने भरलेले एक जहाज तेथे दुसऱ्या जहाजावर आदळून पेटले आणि सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या शहरात धर्मोपदेशक म्हणून काम केलेल्या सॅम्युएल प्रिन्स यांनी या घटनेनंतर समाज कसा बदलला याचा अभ्यास करून कोलंबिया विद्यापीठात प्रबंध सादर केला. तो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९६३ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात आपत्तींच्या समाजशास्त्रीय संशोधनाचे केंद्र निघाले आणि १९८३ मध्ये उत्तर टेक्सासच्या विद्यापीठाने या विषयाची पदवी देण्यास सुरुवात केली.

आपल्या देशात या विचाराला वेग आला तो लागोपाठच्या आघातांनी. १९९९ चे ओरिसातील महाचक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात झालेला ९४४ मिलिमीटर पाऊस. डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला. राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर प्राधिकरणे आली. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. याच सुमारास मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाचे स्वतंत्र केंद्र स्थापन होऊन पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने पदव्युत्तर पदविका उपलब्ध केली. आता इतरही विद्यापीठे या वाटेने निघाली आहेत.

भिंतीने मारले

तरीही शंका उरतेच. भूकंप हा भूगर्भशास्त्राचा विषय, पूर हा जलविज्ञानाचा, साथ ही वैद्यकाची. मग आपत्ती व्यवस्थापनाला स्वतःचे असे काय उरते?

याचे उत्तर किल्लारीने दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली असताना, लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणी हादरली. आठ ते दहा हजार माणसे गेली. भूकंपमापनाच्या कोष्टकात तो अतिप्रचंड म्हणावा असा धक्का नव्हता. मग एवढी माणसे का गेली? दगडमातीच्या रुंद भिंती, दोन्ही अंगांचे दगड एकमेकांत गुंतविणारा आडवा दगड नाही, आणि वर माळवदाचे टनावारी वजन. उन्हाळ्यात थंडावा देणारे घर त्या पहाटे थडगे ठरले. भूकंपाने जमीन हलविली. माणसे मारली ती भिंतीने. आणि भिंत हा केवळ भूगर्भशास्त्राचा विषय नव्हे. ती कुटुंबाच्या ऐपतीचा, गवंड्याच्या शिक्षणाचा आणि सरकारी नकाशाचाही विषय आहे. कारण त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा सारा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगविलेला होता. आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, त्या परिसराला धक्के बसले होते. लोकांना भय वाटत होते. पण त्या भयाला नकाशात जागा नव्हती.

पुनर्वसनाच्या काळातील एक गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. पण त्यापलीकडे शेकडो गावांतील घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण त्याच जागी करावयाचे होते. त्यासाठी गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. कोपऱ्यांना आणि भिंतींना कसे बांधावे, अनुदानाचा हप्ता केव्हा मिळतो, गवंड्याने काम चोख केले की नाही, हे त्यांनी शिकून घेतले आणि इतरांना शिकविले. अभियांत्रिकीचे ज्ञान पुस्तकात होतेच. ते गावाच्या भिंतीपर्यंत नेणारा माणूस नव्हता. तो माणूस घडविणे हाच आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतःचा विषय आहे.

महाराष्ट्राला हे नवे नाही

हा विषय परदेशातून आलेला आहे असे मानण्याचेही कारण नाही. १८७६ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे दुष्काळाची वृत्ते पाठविली होती. कोठे पीक गेले, कोठे भाव चढले, कोठून माणसे गाव सोडून निघाली, याची ती नोंद होती. विद्यापीठाची पदवी त्यासाठी कोणी दिली नाही, पण ते संशोधनच होते. त्या दुष्काळानंतर १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. सावकार कर्ज देईनासा झाला, धान्याचे भाव वाढू लागले, माणसे कामाच्या शोधात भटकू लागली, की कलेक्टराने काय करावे, कामे केव्हा काढावीत, मजुरी किती द्यावी, हे सारे त्यांत लिहिलेले असे. परकीय राजवटीने ते नेहमी पाळले असे नव्हे. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ जाहीरच न केल्याचे भयंकर परिणाम सर्वश्रुत आहेत. तथापि नियम लिहिलेला होता, ही गोष्ट लहान नव्हती.

१९७२ च्या दुष्काळात तो वारसा महाराष्ट्राच्या कामी आला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, पाझर तलाव, रस्ते आणि नाला बांध ही त्या पिढीची शब्दसंपत्तीच झाली. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन माणसे जगली. पिकाची तूट भीषण असूनही १९४३ ची पुनरावृत्ती झाली नाही. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे या अनुभवाचा बारकाईने अभ्यास केला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात मांडलेले सूत्र, दुष्काळात धान्याच्या तुटीइतकीच, किंबहुना तिच्यापेक्षा अधिक, माणसाची ते मिळविण्याची ताकद महत्त्वाची असते, हे महाराष्ट्राने खडी केंद्रांवर आधीच अनुभवले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्कात रूपांतरित झाली. पुढे २००५ मध्ये, म्हणजे आपत्ती व्यवस्थापन कायदा ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, देशाने रोजगार हमीचा कायदा केला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. अनुभव आपल्याकडे कधीच कमी नव्हता. जेव्हा तो लिहिला गेला, तपासला गेला आणि नियमात उतरला, तेव्हा त्याने पुढच्या पिढीचे प्राण वाचविले. जेव्हा तो लिहिला गेला नाही, तेव्हा तो माणसाबरोबर बदलून गेला.

अनुभवाचीही बदली होते

आपली प्रशासनव्यवस्था बदल्यांवर चालते. एखादा तहसीलदार पुराच्या दोन पावसाळ्यांत बरेच काही शिकतो. कोणत्या गावाचा रस्ता प्रथम तुटतो, कोणती वस्ती घर सोडायला नकार देते आणि का, कोणाच्या सांगण्यावरून ती ऐकते, हे त्याला कळते. तिसऱ्या वर्षी त्याची बदली होते आणि हे सारे ज्ञान त्याच्या सामानाबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात जाते. नवा अधिकारी पहिल्या पुरापासून पुन्हा शिकू लागतो. त्या शिक्षणाचे शुल्क मात्र गावकरी भरतात.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला प्रथम कळले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. बसच्या चालकाकडून. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असे सांगण्यात आले. यादीत नव्हती, हे खरे असेल. पण यादी कोण करतो, किती वर्षांनी करतो, डोंगरावरच्या ठाकरवाडीपर्यंत तो चढून जातो काय, आणि जमिनीला भेग पडल्याचे म्हाताऱ्याने सांगितले तर ती नोंद कोणत्या वहीत होते, हे प्रश्न त्यापुढे येतात. ही कामे सवड मिळेल तेव्हा करावयाची नाहीत. त्यासाठी शिकलेला आणि त्याच कामावर नेमलेला माणूस लागतो.

ओडिशाचे उदाहरण या बाबतीत धडा देणारे आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर त्या राज्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले आणि दरवर्षी सराव केला. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. हवामानाचे अंदाज सुधारले होते, हे त्यामागचे एक कारण. पण अंदाज ऐकून म्हातारीला निवाऱ्यात नेणारी यंत्रणा उभी होती, हे दुसरे आणि तितकेच मोठे कारण. गरीब राज्यालाही हे साधते, एवढे यावरून दिसते.

पैसा आहे, माणूस नाही

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. खुर्ची कुठे आहे?

कायद्याने प्राधिकरणे निर्माण केली, पण त्यांना पूर्ण वेळ वाहिलेली माणसे पुरेशी दिली नाहीत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी हे पद अनेक ठिकाणी कंत्राटी पद्धतीने, ठरावीक मानधनावर भरले जात आले आहे. ज्याची स्वतःची नोकरी अकरा महिन्यांची आहे, त्याने जिल्ह्याची वीस वर्षांची स्मृती जतन करावी, अशी आपली अपेक्षा असते. पावसाळ्यात त्याला नियंत्रण कक्षातील दूरध्वनीशी बसवावे आणि पावसाळा संपला की इतर टपालाच्या कामाला लावावे, एवढाच त्याच्या विद्येचा उपयोग झाला तर विद्यार्थ्यांनी या विषयाकडे का वळावे?

पैशाची अडचण सांगितली जाईल. ती पूर्णतः खरी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीकरिता एकूण १,६०,१५३ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातील ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीचा धोका आधीच कमी करण्यासाठी. प्रतिसादाच्या वाट्यातही एकूण निधीच्या १० टक्के रक्कम पूर्वतयारी व क्षमतावृद्धी यांसाठी वेगळी सांगितली. ही रक्कम सोळा हजार कोटींच्या घरात जाते. म्हणजे आपत्तीपूर्वी काय करावे यासाठी पैसा ठेवण्याची दृष्टी निदान कागदावर आली आहे. परंतु तो पैसा कोणत्या ओढ्यावर, कोणत्या वाडीत, कोणत्या प्रशिक्षणावर खर्च करावा हे सांगणारे प्रस्ताव तालुक्यातून तयार व्हावे लागतात. ते करील असा माणूस नसला तर पैसा पडून राहतो, किंवा साहित्यखरेदीच्या वाटेने जातो.

यामागे अर्थशास्त्राचे एक साधे तत्त्व आहे. मदत दिसते, टळलेली आपत्ती दिसत नाही. पूरग्रस्ताच्या हाती धनादेश देतानाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. वेळेवर साफ केलेल्या नाल्याचे येत नाही. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपण इतरांना ऐकवितो. पण मतदार म्हणून आपणही झोप्यापेक्षा गेलेल्या बैलाच्या भरपाईलाच अधिक मान देतो. म्हणूनच जे दिसत नाही त्याचा हिशेब मांडून दाखविणारी विद्या समाजाला हवी असते.

कोणता अभ्यासक्रम, कोणाचा अभ्यासक्रम

याचा अर्थ प्रत्येक विद्यापीठाने उद्या एक फलक लावून हा अभ्यासक्रम उघडावा असे नाही. तसे झाले तर व्याख्या, आपत्तींचे प्रकार आणि परदेशी संकेतांची नावे पाठ केलेल्या पदवीधरांची आणखी एक रांग उभी राहील. आपत्तीचे चक्र आकृतीसह काढता येणे वेगळे आणि गावाच्या पाणवठ्यावर उभे राहून पुराची रेषा ओळखता येणे वेगळे.

प्रस्तुत लेखकाच्या मते या शिक्षणात तीन गोष्टी अनिवार्य असाव्यात. पहिली म्हणजे दोन वर्षांपैकी किमान एक सत्र विद्यार्थ्याने एकाच तालुक्यात काढावे आणि त्या तालुक्याच्या मागील आपत्तींचा लेखी इतिहास मराठीत तयार करून तहसील कचेरीत आणि ग्रामपंचायतीत ठेवावा. असे प्रबंध साचत गेले तर बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याला पहिल्या दिवशी वाचण्यासारखे काही मिळेल. दुसरी गोष्ट म्हणजे नुकसानीचे अर्थशास्त्र. पंचनामा पडलेली भिंत मोजतो, वाहून गेलेली म्हैस मोजतो. परंतु बुडालेली मजुरी मोजत नाही. शेताचे नुकसान सातबाऱ्यावरील नावाने भरले जाते. तोंडी बोलीवर बटाईने कसणाऱ्याचे नाव तेथे नसते. ही त्रुटी कोणाच्या दुष्टपणातून आलेली नाही. ती कागदाच्या रचनेत आहे, आणि कागदाची रचना बदलण्यासाठी अभ्यास लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या अभ्यासक्रमाच्या निम्म्या जागा सेवेत असलेल्यांसाठी राखून त्यांना पगारी अध्ययन-रजा द्यावी. पूर आला की शाळा हाच निवारा होतो आणि मुख्याध्यापक हा न नेमलेला छावणीप्रमुख. कोणाला कोणत्या वर्गात ठेवावे, बाळंतिणीची सोय कोठे करावी, पाणी कसे शुद्ध करावे, हे निर्णय तो रात्री दोन वाजता घेतो. तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका आणि कारकून यांची गोष्ट वेगळी नाही. ही माणसे या विषयाचे व्यवहारी पदवीधर आधीपासूनच आहेत. विद्यापीठाने त्यांना शिकवावे आणि त्यांच्याकडून शिकावेही. तरुण विद्यार्थी त्यांच्या शेजारी बसला तर पुस्तकात नसलेले पुष्कळ त्याला कळेल.

आणि या सर्वांच्या जोडीला शासनाने प्रत्येक जिल्ह्यात व आपत्तिप्रवण तालुक्यांत या विषयाची कायम पदे निर्माण करून ती स्पर्धा परीक्षेतून भरावीत. पदाविना पदवी ही विद्यार्थ्याची फसवणूक आहे, आणि विद्येविना पद ही जनतेची.

त्या दिवशी त्या बाप-लेकांना हे सारे सांगणे शक्य नव्हते. मुलाला एवढेच सांगितले की विषय खरा आहे, जरूर शिक. पण खुर्ची आज तयार नाही, ती मागून घ्यावी लागेल, हे ठाऊक असू दे. आणि जाण्यापूर्वी वडिलांच्या जुन्या गोषवाऱ्यांच्या प्रती, मिळतील तेवढ्या, वाचून काढ. वडील थोडे ओशाळून हसले. त्या कागदांचा कोणाला कधी उपयोग होईल असे त्यांना आजवर वाटले नव्हते. “रद्दीत गेले असतील सर,” ते म्हणाले, “पण शोधतो.”